तिजोरीची किल्ली कोणाकडे?

नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण राज्यकर्त्यांना सर्वत्र प्रिय असते. २५ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या हुकुमाचे मर्म हेच होते. परवान्याविना राहणाऱ्या परदेशी स्थलांतरितांविरुद्धच्या मोहिमेत जी शहरे केंद्राला सहकार्य करणार नाहीत, त्यांचे केंद्रीय अनुदान रोखावे, असे त्यात फर्मावले होते. सॅन फ्रान्सिस्को शहर व सांता क्लारा परगणा यांनी न्यायालयात धाव घेतली. १ ऑगस्ट २०१८ रोजी तेथील अपील न्यायालयानेही अनुदान रोखण्याची ही तरतूद घटनाबाह्य ठरविली.

स्थलांतरितांना ठेवावे की हद्दपार करावे, हा या खटल्याचा विषय नव्हता. ते धोरण केंद्राच्याच अखत्यारीतले आहे. प्रश्न होता तो पैशाचा. अनुदानाच्या अटी ठरविण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे विधिमंडळाला दिला आहे. काँग्रेसने न घातलेली अट अध्यक्षांनी केवळ आपल्या सहीने घालणे, म्हणजे कारभाऱ्याने धन्याच्या तिजोरीची किल्ली परस्पर खिशात टाकणे होय.

काँग्रेसचा अधिकारही अमर्याद नाही. दारू पिण्याचे किमान वय २१ न करणाऱ्या राज्यांचे महामार्ग अनुदान ५ टक्क्यांनी कापण्याची तिची अट सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मान्य केली. परंतु अट स्पष्ट हवी, अनुदानाच्या हेतूशी संबंधित हवी आणि ती सक्ती ठरता कामा नये, असाही दंडक आहे. राज्यांच्या अधिकाऱ्यांना केंद्राने परस्पर राबवून घेऊ नये, असे १९९७ सालच्या 'प्रिंट्झ' खटल्यात ठरले. तो खटला बंदुका विकत घेणाऱ्यांची चौकशी करण्यास नकार देणाऱ्या शेरीफांचा होता! त्या वेळी बंदूकवाल्यांना सुखावणारे तेच तत्त्व पुढे स्थलांतरितांच्या पाठीराख्यांची ढाल बनले.

बायडेन यांनी २०२१ साली तो हुकूम रद्द केला. २०२५ साली ट्रम्प यांनी पुन्हा तोच मार्ग धरला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यायालयाने पुन्हा तात्पुरती मनाई केली. शहरांचे धोरण ज्यांना मुळीच रुचत नाही, त्यांनीही या निकालांचे स्वागत करावयास हवे. आवडत्या कार्यासाठी अध्यक्षाच्या हाती सोपविलेली किल्ली उद्या नावडत्या कार्यासाठीही तितकीच सहज फिरते. आणि तेव्हा ती परत मागण्यास फार उशीर झालेला असतो.