‘शिकण्यापुरता’ लॅपटॉप म्हणजे नक्की केवढा?

मे-जून आला की घरोघरी एक फोन ठरलेला असतो. मामा, काका, शेजारच्या काकू, आईच्या ऑफिसमधली मैत्रीण, कुणीतरी विचारतंच, ‘‘तू कॉलेजला आहेस ना, मग सांग बरं, आमच्या सातवीतल्याला कुठला लॅपटॉप घेऊ? फार महागडा नको, शिकण्यापुरता हवाय.’’ आपण बीकॉमला असू नाहीतर मराठी साहित्याला, नातेवाइकांच्या लेखी आपण सगळेच कॉम्प्युटर इंजिनीअर! मग आपण काय करतो? ऑनलाइन सेलचं पान उघडतो, ‘लो टू हाय’ लावतो आणि वरच्या दोन-तीन लिंक फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की इतक्या पटकन मोकळे होऊ नका. त्या लिंकवर जाणारे वीस-पंचवीस हजार अनेक घरांत भिशीचे किंवा बोनसचे असतात. शिवाय बऱ्याच घरांत तो आयुष्यातला पहिलाच कॉम्प्युटर असतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या जेमतेम अकरा घरांत कॉम्प्युटर होता, ग्रामीण भागात तर चार-पाचच घरांत. म्हणजे मशीन अडलं, तर ‘दोष तुझा नाही, मशीनचा आहे’ हे मुलाला सांगणारं घरात कुणी असेलच असं नाही.

आणि ‘लो टू हाय’मध्ये सगळ्यात वर दिसणारं मशीन अडतंच. ‘स्टुडंट लॅपटॉप’ म्हणून जे विकले जातात, त्यातल्या अनेकांचं स्पेसिफिकेशन एकसारखं असतं. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज. विंडोज ११ चालण्यासाठी कमीत कमी जेवढं लागतं, म्हणजे ४ जीबी आणि ६४ जीबी, बरोब्बर तेवढंच. आता त्यातच विंडोज बसणार, त्याचे अपडेट बसणार आणि उरलेल्या जागेत मुलाने प्रोजेक्ट करायचा. ईएमएमसी म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असते तशी मेमरी. एसएसडीपेक्षा बरीच हळू आणि थेट मदरबोर्डवर चिकटवलेली. अशा अनेक मॉडेलमध्ये रॅमसुद्धा चिकटवलेलीच असते, त्यामुळे ‘पुढे वाढवू’ हा मार्गही बंद.

मग होतं काय? ब्राउझरचे चार टॅब, एक पीपीटी आणि ऑनलाइन तास एकदम उघडले की सगळं ठप्प. आपण वैतागून मशीनला शिव्या घालतो, पण बारा वर्षांचं मूल तसं करत नाही. ते म्हणतं, ‘मला कॉम्प्युटर जमत नाही.’ एकदा हे डोक्यात बसलं, की ते काढायला वर्षं जातात. स्वस्त लॅपटॉपची ही किंमत बिलावर छापलेली नसते.

मग त्याच पैशात काय घ्यायचं? माझं मत विचाराल तर रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्याने लॅपटॉप घेतात, तीन-चार वर्षांनी एकदम बदलतात आणि जुने दुरुस्त होऊन बाजारात येतात. लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही त्यातली ओळखीची नावं. नवे असताना आपल्या घरात यांचा विषयही निघाला नसता. आता वीस-पंचवीस हजारांच्या आसपास कोअर आय५, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह ते मिळू शकतात. मुख्य म्हणजे ते स्क्रू काढून उघडता येतात. या तिन्ही मॉडेलमध्ये रॅम आणि एसएसडी दोन्ही बदलता येतात. त्यामुळे आता सातवीत घेतलेला लॅपटॉप दहावीत थोडक्या खर्चात सुधारता येतो.

एक अट मात्र पक्की लक्षात ठेवा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं (मोजके अपवाद सोडले तर). म्हणून नावात ‘आय५’ दिसलं की हुरळून जायचं नाही, त्याच्या पुढचा आकडा वाचायचा. आय५-८३५०यू म्हणजे आठवी जनरेशन, चालेल. आय५-६३००यू म्हणजे सहावी, सोडून द्या. दुकानदार ‘सेमच आहे हो, आय५च आहे’ म्हणाला तरी सोडून द्या.

‘‘पण जुना? माझ्या मुलाला जुना?’’ हा प्रश्न येणारच आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. पहिल्या लॅपटॉपचा नवा कोरा बॉक्स उघडण्याचा आनंद खराच असतो. नव्यासोबत कंपनीची वॉरंटी येते, जुन्यासोबत दुकानाची, तीही दुकान चांगलं असेल तर. म्हणून इथे आपलं काम सुरू होतं. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर आपल्या शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात, पण घेणाऱ्यासोबत स्वतः जा. जीएसटीचं पक्कं बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी मागा. विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का, ते सेटिंग्जमध्ये बघा. विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्ट काढायची सोय असते. मूळ क्षमता किती आणि आता फुल चार्जला किती उरली, हे तिथे कळतं. निम्म्याच्या खाली गेली असेल, तर बॅटरी बदलून मागा किंवा भाव कमी करा. लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोस उघडा, पासवर्ड मागितला तर परत द्या. प्रत्येक की दाबा, कॅमेरा आणि माइक सुरू करून बघा. या सगळ्याला अर्धा तास लागतो.

जवळपास भरवशाचं दुकान नसेल, तर नवाच घ्या. पण मग ८ जीबी रॅम आणि एसएसडी याखाली उतरू नका. तेवढे पैसे आज नसतील तर दिवाळीपर्यंत थांबा. चौथीतल्या मुलाचं चार महिने काही अडत नाही. आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. स्वतःला हवा असलेला गेमिंग लॅपटॉप ‘भावाच्या कोडिंगसाठी’ म्हणून काकांच्या गळ्यात मारणारे महाभागही आपल्यातच आहेत! शाळकरी मुलाला पायथन, स्क्रॅच, जिओजेब्रा आणि थोडं व्हिडीओ एडिटिंग एवढ्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

मशीन चांगलं मिळालं म्हणजे झालं, असंही नाही. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ नावाचा एक जागतिक प्रकल्प होता. शंभर डॉलरमध्ये मुलांसाठी लॅपटॉप ही निकोलस निग्रोपॉन्टे यांची कल्पना, जाहीर झाली २००५ मध्ये. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. पेरू देशाने तर ते लाखोंनी वाटले. पण २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत काहीच फरक दिसला नाही. कॉम्प्युटर पोहोचले होते, त्यांचं काय करायचं हे पुरेसं पोहोचलं नव्हतं.

आपल्या घरांमध्ये ते पोहोचवायला आपण आहोत. लॅपटॉप आल्यावर चार शनिवार द्या. पहिल्या शनिवारी फाइल कुठे सेव्ह होते आणि ती पुन्हा कशी शोधायची. दुसऱ्या शनिवारी मराठी टायपिंग. तिसऱ्या शनिवारी स्क्रॅचमध्ये एखादा छोटा गेम, मुलाने स्वतः बनवलेला. चौथ्या शनिवारी पासवर्ड, बॅकअप आणि कुठल्या लिंकवर क्लिक करायचं नाही ते. यातलं काहीही शिकवायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, आपल्याला हे सगळं येतं.

आणि घरात बहीण-भाऊ दोघं असतील, तर पहिल्याच दिवशी दोघांची वेगवेगळी अकाउंट उघडून द्या. ‘दादाचा लॅपटॉप’ असं एकदा नाव पडलं, की ताई किंवा छोटी तो मागून वापरायला लागते आणि मग हळूहळू मागणंही सोडते. हॉलमध्ये सगळ्यांना दिसेल अशा जागी तो ठेवा. स्क्रीनवर दोन नावं दिसू द्या, आणि तिचं आधी.