पटावरचे नाव, वर्गातले मूल

बंगळूरच्या मारतहळ्ळी परिसरात इमारती उभ्या राहतात. त्या बांधणारी मजूर कुटुंबे मात्र काम संपताच दुसरीकडे जातात. त्यांच्या मुलांची शाळाही मध्येच सुटते. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचीही हीच व्यथा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला, शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ही तरतूद मोलाची आहे. परंतु अशा सुधारणांचे यश केवळ पटसंख्येवरून मोजणे योग्य नव्हे. जूनमध्ये नाव नोंदवलेले मूल मार्चमध्ये कोठे आहे, त्याला वाचता येते का, हे पाहिले पाहिजे. गाव सुटले तरी शाळा सुटू नये, हीच खरी कसोटी होय. खंडित शिक्षणाचे मोल आपणांहून अधिक कोण जाणेल?