नाणें खरें, पण काळ कोणता?

सोन्याच्या नाण्याची परीक्षा म्हटली कीं आपल्या वडीलधाऱ्यांस दोनच साधनें आठवतात: कसोटीचा दगड आणि तराजू. कस उतरला, वजन भरलें, कीं नाणें खरें ठरलें. परंतु एकोणिसाव्या शतकांतील सोन्याच्या ‘प्रूफ’ नाण्यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थाचें एवढ्यानें भागत नाहीं. कस पूर्ण, वजन बरोबर, ठसाही टांकसाळीचाच. तरीही त्याच्या मनांतील एक शंका उरतेच. ती शंका कोणती, हें या वेळीं सांगावयाचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ‘प्रूफ’ म्हणजे काय तें पाहूं. ग्रंथ छापण्यापूर्वीं मुद्रणशोधनासाठीं जसें मुद्रित काढतात, तसें ठसा कसा उठतो हें पाहण्यासाठीं टांकसाळींत काढलेलें नाणें तें प्रूफ. पुढें अशीं नाणीं भेटीदाखल व संग्राहकांसाठीं मुद्दाम पाडण्यांत येऊं लागलीं. ठसा घासून चकचकीत केलेला, सोन्याची चकतीही तशीच, आणि दाब एकाहून अधिक वेळां दिलेला. त्यामुळें नाण्याची मोकळी जागा आरशासारखी दिसते व अक्षरांच्या कडा धारदार उठतात. बाजारांत फिरण्यासाठीं हें नाणें जन्मलेलेंच नसतें. विल्यम वायन यानें कोरलेलें, १८३९ साल असलेलें इंग्लंडचें पांच पौंडांचें नाणें या जातींत जगप्रसिद्ध आहे. त्यावर तरुण व्हिक्टोरिया राणी ऊना नांवाच्या काव्यनायिकेच्या रूपांत सिंहास वाट दाखवीत आहे.

आपल्या देशांतील उदाहरण घ्यावयाचें तर ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ सालच्या मोहरेचें घ्यावें. त्या वर्षींच्या कायद्यानें कंपनीच्या साऱ्या मुलखांत एक चलन झालें. मोहरेचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यांत १२ भागांपैकीं ११ भाग शुद्ध सोनें. एका बाजूस चौथ्या विल्यम राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस सिंह व ताडासारखें झाड. एकेरी मोहर १५ रुपयांची, दुहेरी ३० रुपयांची. मौज अशी कीं, सोन्याचें नाणें देण्याघेण्यांत कायदेशीर मानूं नये असेंही त्याच कायद्यानें ठरविलें. सरकारी खजिने १८४१ पासून मोहरा १५ रुपये दरानें घेऊं लागले. परंतु ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्निया येथील खाणींतून सोन्याचा लोंढा आला, तेव्हां १८५३ च्या आरंभापासून तेंही बंद झालें.

विल्यम राजा १८३७ सालीं वारला. पण त्याच्या मुखवट्याचें नाणें कांहीं त्याच्याबरोबर संपलें नाहीं. कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींनीं संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या साच्यांचीं प्रूफ नाणीं पुढेंही पाडून दिलीं, आणि ही प्रथा विसाव्या शतकांतही चालू होती. नाण्यावर साल १८३५ च; परंतु नाणें कदाचित् आपल्या आजोबांच्या काळांतलें! हीच संग्राहकाची शंका. अशा पुनर्मुद्रित नाण्यास खोटें म्हणावें काय?

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत नाण्यांच्या पारख्याविषयीं एक नियम आहे. जो पारखी खोट्यास खरें म्हणेल त्यास जबर दंड. आणि जो खऱ्यास खोटें म्हणेल त्यासही तोच दंड. स्मृतिकारानें दोन्ही अपराध समान लेखले, हें आम्हांस फार मार्मिक वाटतें. टांकसाळीनें स्वतः पाडलेल्या नाण्यास बनावट म्हणणें हा एक अन्याय; आणि तेंच नाणें १८३५ चें मूळ म्हणून गळ्यांत बांधणें हा दुसरा. सोनें दोहोंतही सोनेंच आहे. किंमतींतील अंतर सोन्याचें नसून काळाचें आहे, आणि काळाविषयीं ग्राहकाचा सारा भरंवसा विक्रेत्याच्या शब्दावर असतो. म्हणून ‘हें पुनर्मुद्रित आहे’ एवढें एक वाक्य चिठ्ठीवर लिहून देणारा व्यापारी आम्ही प्रामाणिक समजतों, व तें वाक्य गाळणाऱ्यास आमच्या मतें दुसरें नांव आहे.

डोळ्यांसही थोडी परीक्षा करतां येते. पडून राहिलेल्या पोलादी ठशास गंज चढून बारीक खड्डे पडतात. त्या ठशानें पाडलेल्या नाण्यावर ते खड्डे उंचवट्यांच्या रूपानें उठतात. ठशास तडा गेला असल्यास नाण्यावर उंच रेघ येते. उलट, नाणें मागाहून कोणीं घासलें असेल तर ओरखडे खोल असतात. भिंगाखालीं नाणें तिरपें धरून उंच काय व खोल काय एवढें पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होतो. अखेरचा निर्णय अर्थातच जाणकारावर सोंपवावा.

आतां गृहिणींस एक विनंती. देवघरांतील भांडीं चिंचेनें लख्ख करणारा हात लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नाण्याकडेही वळतो. इतर सोन्याचें यांत फारसें बिघडत नाहीं. पण प्रूफ नाण्याचा आरसा हेंच त्याचें सर्वस्व, आणि तो एका घासण्यानें कायमचा जातो. नाण्यास डाख देऊन कडी लावणें व माळेंत ओंवणें हें तर त्याहून वाईट. हातांत घ्यावयाचें तर कडेनें धरावें, आणि मऊ, कोरड्या वेष्टनांत ठेवावें.

कायद्याचेंही भान असावें. अस्तित्वांत येऊन १०० वर्षें झालेलें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें, आणि खाजगी व्यक्तीस तें परदेशीं धाडतां येत नाहीं. तेथेंही प्रश्न नाण्यावर कोरलेल्या सालाचा नसून तें प्रत्यक्ष केव्हां जन्मलें याचा आहे.

तात्पर्य, घरांत जुनी मोहर असेल तर ती कोणीं, केव्हां, कोठून आणली हें आजच एका कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवावें. जाणणारी वडील मंडळी आहेत तोंवरच हें होण्यासारखें आहे. सोन्याचा कस पुढच्या पिढीचा सोनारही सांगेल. ही हकीकत मात्र तो सांगूं शकणार नाहीं.