टॅबला वेष्टन घाला, पण कुलूप नको



मागच्या चातुर्मासातली गोष्ट. आमच्या पाचोडला दुपारचा स्वाध्याय चालू होता, रत्नकरंड श्रावकाचाराचा. मी भिंतीला टेकून, मांडीवर टॅब घेऊन त्याच्या पेनाने टिपणं काढत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून वहीतलं माझंच बारीक अक्षर मला नीट लागत नाही. टॅबवर ते हवं तेवढं मोठं करता येतं. तेवढ्यात मंडळातल्या एक ज्येष्ठ ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शास्त्रसभेत ते खेळणं कशाला आणता? लिहायचंच असेल तर वही आणा. जिनवाणीचा अविनय होतो."

मी टॅब बंद करून पिशवीत ठेवला. शास्त्रसभेत उलट बोलायचं नाही, हे सासूबाईंनी पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. पण घरी येऊन पोळ्या लाटतानाही 'अविनय' हा शब्द डोक्यातून जाईना. तेव्हा जे तिथे बोलले नाही ते इथे बोलते. ताईंचा मान ठेवूनच बोलते, पण स्पष्ट बोलते.

आधी ताईंच्या बाजूचं सांगते, कारण ती बाजू अगदीच खोटी नाही. प्रवचन चालू असताना फोन वाजतात. महाराज कर्मसिद्धांत समजावून सांगत असतात आणि मागच्या रांगेत साड्यांचे व्हिडिओ चालू असतात. आपण टॅब पलंगावर घेऊन लोळतो, नातवंडं जेवताना त्यावर कार्टून बघतात, आणि तोच टॅब उचलून शास्त्राच्या चौरंगाशेजारी ठेवतो. हे मलाही खटकतं. म्हणून माझ्या टॅबवर कार्टून नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. नातू त्यावरून माझ्यावर रुसून बसतो, तरी नाही. स्वाध्यायाला बसताना विमान मोड लावते. अभिषेक, पूजा, सामायिक यांत तो हातात घेत नाही. चामड्याचं कव्हर मिळत होतं, ते नको म्हटलं आणि जुन्या सुती साडीचं वेष्टन शिवलं, जसं आपण ग्रंथाला शिवतो तसं.

एवढं केल्यावरही 'टॅबवर लिहिणं हाच अविनय' हे मला मान्य नाही. कारण विचारा.

आपण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी करतो. कपाटातले ग्रंथ काढतो, पुसतो, नवीन वेष्टनं घालतो, पूजा करतो. तो दिवस कशाचा आहे? श्रुतज्ञान तोवर गुरूंच्या मुखातून शिष्यांच्या कानी, असंच चालत आलं होतं. स्मरणशक्ती क्षीण होत चालली हे पाहून गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून ज्ञान दिलं, आणि त्या दोघांनी षट्खंडागम लिपिबद्ध केला. म्हणजे आठवणीच्या भरवशावर राहू नका, लिहून ठेवा, याच गोष्टीचा आपण सण करतो. तेव्हा ताडपत्र होतं. पुढे कागद आला. आचार्य शांतिसागर महाराजांनी, ज्यांची सल्लेखना १९५५ साली आपल्या कुंथलगिरीला झाली, हेच सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले. ते ताम्रपट फलटणला आहेत. ताडपत्र, कागद, तांबं, छापखाना. प्रत्येक वेळी जिनवाणी नव्या वस्तूवर उतरली आणि म्हणून टिकली. मग काचेपाशी आल्यावरच अविनय कसा होतो?

आता खरा अविनय कशाला म्हणतात ते सांगते.

षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका कित्येक शतकं मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर, जुन्या कानडी लिपीत होती. लोक लांबून यात्रेला जायचे, पोथ्यांचं दर्शन घ्यायचे, हात जोडायचे आणि परत यायचे. वाचायचं कोणी नाही. पोथ्या बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, असा तिथला कडक दंडक. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी बरीच खटपट केली, तेव्हा कुठे १८९६ च्या सुमारास नक्कल करायला सुरुवात झाली. ती करणाऱ्यांत आपल्या मिरजेचे गजपती उपाध्याय होते. वर्षानुवर्षं ते काम चाललं. पण नक्कल झाली तरी ती तिथेच राहायची. म्हणजे एका पोथीच्या दोन पोथ्या झाल्या, आणि कुलूप एकच राहिलं.

इथे एक बाई येते. गजपतींची पत्नी लक्ष्मीबाई. विदुषी होती. या ग्रंथांचं पठनपाठन व्हावं, ते लोकांपर्यंत जावेत, अशी तिची फार इच्छा होती. तिच्या मदतीने गजपतींनी गुपचूप कानडीत आणखी एक प्रत तयार केली. १९१५ साली ती प्रत घेऊन ते आधी सोलापूरला गेले. शेठजींनी ती ठेवून घ्यायला नकार दिला. मग ती सहारनपूरला गेली. तिथे तिची नागरी प्रत झाली, तिच्या पुढे नकला होत गेल्या आणि आपल्या कारंज्यापर्यंत पोहोचल्या. त्या नकलांवरून अमरावतीच्या प्रा. हिरालाल जैन यांनी संपादन केलं आणि १९३९ साली धवलेचा पहिला भाग अमरावतीहून छापून निघाला. पुढे सोळा भाग झाले. आज आपल्या मंदिराच्या कपाटात धवला असेल, तर त्यात मिरजेच्या एका गृहिणीचा हात आहे.

गुपचूप नक्कल करा असं मी सांगत नाही, अचौर्य व्रत मलाही माहीत आहे. मी एवढंच विचारते: त्या ग्रंथांचा अविनय कोणी केला? कित्येक शतकं हात जोडून कुलूप लावणाऱ्यांनी, की ते वाचले जावेत म्हणून तळमळणाऱ्या लक्ष्मीबाईने?

कुलूप मूडबिद्रीलाच असतं असं नाही. माझ्या घरात दोनदा पाहिलं.

सासूबाई सातवी शिकलेल्या. चाळीस वर्षं त्यांनी प्रवचनांची टिपणं वह्यांत लिहिली. चौक्याच्या वह्या वेगळ्या. त्या सगळ्या एका लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. त्या गेल्यावर पेटी उघडली तर तळाशी वाळवी. वह्यांचा नुसता भुगा. आणि त्या भुग्यात वळवळणारे जीव. ते पाहून मी पेटी तशीच अंगणात नेऊन ठेवली आणि पायरीवर बसून रडले. वह्या गेल्या म्हणून, आणि आता त्या जिवांचं काय करू म्हणूनही.

दुसरं कुलूप थोरल्या जाऊबाईंचं. आमच्या घरात टॅब पहिल्यांदा त्यांनी घेतला. माझ्यापेक्षा हुशार. आठ वर्षांचा स्वाध्याय त्यांनी एका नोंदींच्या अ‍ॅपमध्ये ठेवला होता, गाथांसकट, अर्थासकट. दोन वर्षांपूर्वी त्या अचानक गेल्या. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. पोरांनी दोन-चार आकडे मारून पाहिले, मग दुकानात नेला. दुकानदाराने सगळं पुसून टॅब नव्यासारखा करून दिला. आता त्यावर मुलं खेळतात. वाळवीने निदान वर्षं घेतली होती, इथे अर्ध्या तासात काम झालं.

म्हणून वहीवाल्या ताईंना सांगते, वही आहे म्हणून निश्चिंत राहू नका. आणि टॅबवाल्या सुनांना सांगते, टॅब आहे म्हणून तुम्हीही राहू नका. दोन्हीकडे दोष एकच, लिहिलेलं आपल्यापाशीच अडकून पडतं.

काही जणी म्हणतात, हाताने लिहिलं की लक्षात राहतं. मान्य. म्हणूनच मी पेनाने लिहिते. फळ्याचा फोटो काढून अ‍ॅपमध्ये टाकला म्हणजे टिपण झालं असं मी मानत नाही. बोलून टाईप करायची सोय आहे, तीही वापरून पाहिली. मी 'निर्जरा' म्हटलं की ते 'नजरा' लिहितं. वाचून दुरुस्त केलं नाही तर कर्मांच्या निर्जरेऐवजी नजरांचा हिशोब होऊन बसेल! नक्कल करणाऱ्याची जबाबदारी तेव्हाही होती, आजही आहे.

मी जुन्या काळची बी.कॉम. लग्नानंतर आमच्या मोसंबीच्या आडतीची कीर्द-खतावणी बरीच वर्षं मीच लिहिली. कीर्दीत रोजचं रोज येईल ते उतरवायचं. पण नुसत्या कीर्दीवरून शेतकऱ्याचं देणं किती, व्यापाऱ्याकडून येणं किती, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यावी लागते, ती खतावणी. आपण स्वाध्यायात कीर्द लिहितो आणि खतावणी विसरतो. टॅबमुळे तर कीर्द लिहिणं फार सोपं झालंय. पाचशे नोंदी होतात, आणि 'बारा भावना' कुठे लिहिल्या ते शोधायला गेलं तर सापडत नाही. मी दर अष्टमी-चतुर्दशीला तासभर बसून खतावते. 'गुणस्थान' एक खातं, 'श्रावकाची व्रतं' दुसरं, 'शंका' तिसरं. चौथं खातं चौक्याचं: पीठ कधी दळलं, मर्यादा कधी संपते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्या दिवशी टॅब वाजून आठवण करून देतो. सासूबाईंना हे तोंडपाठ होतं. माझ्या सुनेला अजून नाही, आणि तिला नोकरीही आहे. ती टॅबवर पाहून बरोबर करत असेल तर मी नावं का ठेवू?

एक आक्षेप मात्र मला गप्प करतो, आणि तो मंडळात कोणी घेतला नाही. हे यंत्र निर्दोष नाही. त्याच्या बॅटरीसाठी कुठेतरी जमीन खणली जाते, बिघडलं की त्याचा कचरा होतो. वहीला कसर लागते, टॅबला हे लागतं. माझ्यापाशी यावर उत्तर एवढंच आहे, परिग्रहाचं परिमाण. माझा टॅब मुलाने वापरून टाकलेला आहे. तो चालेनासा होईपर्यंत दुसरा घेणार नाही. आणि जिच्याकडे टॅब नाही तिने स्वाध्यायासाठी म्हणून विकत घेऊ नये. दहा रुपयांची वही पुरते.

आता माझे नियम सांगते, पटले तर घ्या.

प्रत्येक टिपणावर तारीख, ग्रंथाचं नाव, श्लोक क्रमांक आणि सांगणाऱ्याचं नाव. नाहीतर वीस वर्षांनी ते महाराजांचं वचन होतं की आपल्याच मनातलं, हे कळणार नाही. शीर्षक नेहमी टाईप करून, कारण माझं हाताचं देवनागरी शोधून मिळत नाही.

दर श्रुतपंचमीला वर्षभराच्या टिपणांची पीडीएफ. एक प्रत सुनेला, एक लेकीला, एक छापून मंदिराच्या कपाटात. अ‍ॅप उद्या बंद पडलं, कंपनीने नियम बदलले, तरी आपलं लिहिलेलं राहिलं पाहिजे.

पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून तिजोरीत, आणि पाकीट कुठे आहे ते घरातल्या दोघांना माहीत. दागिन्यांचं आपण सांगून ठेवतो ना? मग याचंही सांगून ठेवा. मी हे लिहायला घेण्याआधी केलं.

शेवटी त्या ताईंबद्दल. पर्युषणात मी त्यांच्या घरी गेले. मनात राग होता तो घालवायचा होता. बोलता बोलता त्यांनी कपाट उघडून दाखवलं. पस्तीस-चाळीस वह्या, सुवाच्य अक्षर, काही पानं पिवळी पडलेली. लेकी दूर, सून मराठी वाचत नाही. मी विचारलं, "ताई, तुमच्यानंतर या कोण वाचणार?" त्या काही बोलल्या नाहीत. चहा ठेवायला उठल्या.

मी त्यांना म्हटलंय की रोज दुपारी एक तास येते, तुम्ही पान उलटा, मी टॅबवर फोटो घेते, आणि जिथे अक्षर लागत नाही तिथे तुम्ही वाचून दाखवा. वह्या तुमच्याच राहतील, वेष्टनातच राहतील. अजून हो म्हणाल्या नाहीत. येत्या श्रुतपंचमीच्या आत म्हणतील अशी आशा आहे. तुमच्या मंडळातही अशी एखादी ताई असेल, तिच्याकडे जाऊन या.

जिनवाणीविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.