विचारवंताला रुपयाबद्दल कोण विचारणार?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात रुपया डॉलरमागे ९० च्या पलीकडे गेला. त्याच आठवड्यात ६ डिसेंबर होता, म्हणून आम्ही तिघे मोबाइल, ट्रायपॉड आणि दोन कॉलर माइक घेऊन अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी गेलो. महापरिनिर्वाण दिनानिमित्त विशेष मुलाखत. सर चळवळीत वाढलेले, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले. पन्नास मिनिटे बोललो. गावातला पाणवठा, शाळेत बसायची वेगळी जागा, वसतिगृहातले जेवण, आईचे कष्ट, नामांतर. सरांनी प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर दिले. आम्ही माइकची वायर गुंडाळत होतो तेव्हा ते म्हणाले, "पोरांनो, आज रुपया कितीवर आहे?"

आमच्यातला एक जण चाचरत म्हणाला, "नव्वद... बहुतेक."

"मी तीस वर्षे पैसा आणि बँकिंग शिकवले. तुम्ही मला पाणवठ्याबद्दल विचारलेत."

आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागले. व्हिडिओ टाकला, तो चांगला चाललाही. खाली शेकडो 'जयभीम' पडले. आम्हाला मात्र तो पुन्हा बघवत नाही.

ही चूक आमच्या तिघांपुरती असती तर लेख लिहायचे कारण नव्हते. प्रस्थापित माध्यमे आपल्या लेखकांना आणि विचारवंतांना कधी बोलावतात ते आठवा. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, एखादे हत्याकांड, आरक्षणावरचा एखादा निकाल. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो, त्या रात्री पडद्यावर कोण बसलेले असते? सुखदेव थोरात आणि भालचंद्र मुणगेकर हे दोघेही अर्थशास्त्रज्ञ. एक विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, दुसरे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे नियोजन आयोगाचे सदस्य. वित्तीय तूट, व्याजदर, बँकांचे विलीनीकरण यांवर त्यांना किती वेळा विचारले गेले आणि आरक्षणावर किती वेळा, हे वाचकांनीच मनाशी मोजावे. कवीलाही तेच. त्याच्या कवितेच्या घडणीबद्दल प्रश्न नाही, 'एवढी विद्रोही भाषा का?' हा प्रश्न ठरलेला.

म्हणजे दुःख आमचे आणि त्याचे विश्लेषण त्यांचे. अनुभव आम्ही सांगायचा, अर्थ दुसऱ्याने लावायचा. ज्ञानाची मक्तेदारी मोडायला निघालेल्या चळवळीला ही वाटणी ओळखू यायला हवी होती. पण आपल्या हातात मोबाइल आला, आपले चॅनेल झाले आणि आपण तीच प्रश्नपत्रिका उचलून आपल्याच माणसांपुढे ठेवली. त्यांचा मनुवाद आपल्याला दिसतो. आपल्या प्रश्नांतून शिरलेला दिसत नाही.

बाबासाहेबांना लोकांनी काय विचारले होते, ते बघू. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि वय होते २७. हे आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांचेच वय आहे. विषय होता मताधिकार आणि प्रतिनिधित्व. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात सायमन कमिशनपुढे ते बसले. सर्व प्रौढांना मताधिकार हवा ही त्यांची मागणी होती आणि समोरच्या सदस्यांत पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले क्लेमंट अॅटली होते. आणि या दोन्हींच्या मध्ये आहे ती डिसेंबर १९२५ ची साक्ष, चलनाच्या प्रश्नावरच्या रॉयल कमिशनपुढची. आपण तिला हिल्टन यंग कमिशन म्हणून ओळखतो.

या कमिशनच्या प्रत्येक सदस्याच्या हातात बाबासाहेबांचे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' होते, असे आपण प्रत्येक जयंतीला अभिमानाने सांगतो. पण तिथे त्यांना काय विचारले गेले आणि ते काय म्हणाले, हे आपल्यातल्या कितींना सांगता येईल? महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात ते छापलेले आहे. सुवर्ण विनिमय पद्धतीला त्यांचा विरोध होता. सरकारला हवे तेव्हा हवे तेवढे चलन वाढवता येऊ नये, त्याला मर्यादा असावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळात रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा, यावर मोठा वाद पेटला होता. स्वस्त रुपयातून व्यापाऱ्याला होणारा फायदा हा देशाचा फायदा म्हणून मांडला जात होता. बाबासाहेबांची मांडणी वेगळी होती. हा फायदा बाहेरून येत नाही, तो देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येतो. भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि जो मजुरीवर जगतो तो त्याची किंमत मोजतो.

शंभर वर्षांनी, नेमक्या त्याच महिन्यात, रुपया घसरला आणि 'निर्यातीला फायदा होईल' असे पुन्हा सांगितले गेले. त्या दिवशी हा प्रश्न विचारायला आपल्याइतका हक्काचा वारसा दुसऱ्या कोणाकडे होता? एक अर्थशास्त्रज्ञ समोर बसला होता. आणि आम्ही पाणवठ्यावर होतो.

कोणी म्हणेल, अनुभवाला कमी लेखू नका. आत्मकथनांनीच मराठी साहित्याचा चेहरा बदलला. अगदी मान्य. मुलाखतीतून इतिहास कसा उभा राहतो हे बघायचे तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' घ्या. १९८९ साली आलेल्या या पुस्तकासाठी दोघी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत घरोघर गेल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि ज्यांची नावे कुठल्याच कागदावर नीट नव्हती त्या बाया इतिहासात आल्या. पण तिथली बाई काय सोसले एवढेच सांगून थांबत नाही. परिषदेला कशी गेली, सत्याग्रहात काय केले, संघटना कशी बांधली, घरातल्या पुरुषांनी कुठे साथ दिली आणि कुठे अडवले, तेही सांगते. कर्ती म्हणून विचारले की माणूस कर्ता म्हणून बोलतो. आणि जाता जाता, आपल्या चॅनेलवरच्या शेवटच्या दहा मुलाखतींत स्त्रिया किती, हेही मोजून घ्या. आमच्याकडे एक निघाली, तीही ८ मार्चची.

दुसरा दोष अधिक अवघड आहे, कारण तो प्रेमापोटी होतो. आपल्या विचारवंताला आपण उलट प्रश्न विचारत नाही. 'सर, आपण फार मोलाचे बोललात' म्हणून पुढच्या प्रश्नावर जातो. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ची प्रस्तावना बाबासाहेबांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी लिहिली आणि त्यात आपले मतभेद साफ नोंदवले. १९२३ साली ते पुस्तक त्या मतभेदासकट छापले गेले. बाबासाहेबांना मतभेद चालत होता. आपल्याला आपल्या वक्त्याशी तो का चालत नाही?

ताजे उदाहरण उपवर्गीकरणाचे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सहा विरुद्ध एक मतांनी राज्यांना अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला. दिवस अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीचा होता. पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही चार मुलाखती केल्या. चारही विरोधाच्या बाजूच्या, चारही आपल्याच घरातल्या. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. मातंग समाजातल्या एकाही लेखकाला, अभ्यासकाला आम्ही विचारले नाही की तुमची मागणी इतकी जुनी का आहे, तुमच्या वस्तीतला पोरगा कुठल्या पायरीवर अडतो? वाल्मीकी समाजातल्या कोणाला नाही, चर्मकार समाजातल्या कोणाला नाही. विरोध करणाऱ्यांनाही अवघड प्रश्न टाकला नाही, की प्रतिनिधित्वाचे आकडे मागायला आपण का कचरतो? आणि समर्थन करणाऱ्यांना विचारायला हवे होते, की नोकऱ्याच कंत्राटी होत असतील आणि राखीव जागा रिकाम्याच राहत असतील, तर वाटा कशातला मागायचा? हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर यायला हवे होते. आले असते तर कदाचित भांडण झाले असते. पण वस्त्या-वस्त्यांत जे अविश्वासाचे वातावरण त्यानंतर दिसले, त्यापेक्षा ते भांडण बरे होते.

तयारीचा कंटाळा हेही एक कारण आहे, ते लपवायला नको. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला आणि त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली. आपल्याकडे त्यावर पोस्टर झाले, घोषणा झाल्या. राज्याचा अर्थसंकल्प उघडून, अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाचे पान काढून, ते एखाद्या अभ्यासकापुढे ठेवून 'हे आम्हाला ओळीओळीने समजावून सांगा' असे किती जणांनी केले? ते करायला दोन संध्याकाळी वाचन लागते. रील करायला वीस मिनिटे पुरतात.

रीलवरून आठवले. १९५५ साली बाबासाहेबांनी बीबीसीला गांधींविषयी मुलाखत दिली. तिचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे रोज फिरतात. पण त्यात ते गांधींच्या इंग्रजी आणि गुजराती लेखनातला फरक दाखवतात, दोन्ही शेजारी ठेवून वाचा म्हणतात. म्हणजे मत देऊन थांबत नाहीत, तपासायची रीत सांगतात. तुकड्यात मत उरते, रीत गळून पडते. आम्ही स्वतः असे तुकडे पाडले आहेत, म्हणून बोलतो आहोत.

मानधनाचाही प्रश्न आहे. मंडप, डीजे, फ्लेक्स यांना पैसे असतात. तीन तास देणाऱ्या अभ्यासकाला शाल आणि नारळ. किमान येण्याजाण्याचा खर्च द्यावा, आणि संपूर्ण मुलाखत लिहून काढून त्यांच्याकडून तपासून घ्यावी. व्हिडिओ उद्या काढून टाकला जाईल, कागद राहील.

जानेवारीत आम्ही सरांना पुन्हा फोन केला. माफी मागितली, वेळ मागितली. ते हसले आणि एक अट घातली. सहाव्या खंडातली कमिशनपुढची प्रश्नोत्तरे आधी वाचायची, प्रत्येक प्रश्न का विचारला गेला असेल ते वहीत लिहायचे आणि मग यायचे. गेले तीन रविवार आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत तेच करतो आहोत. इंग्रजी अडते, शिलिंग-पेन्सचे गणित त्याहून अडते. निम्म्यावर आलो आहोत. आमच्यातल्या एकाचे वडील नाक्यावर उभे राहून बांधकामाचे काम धरतात. त्यांची तीन वर्षांपूर्वीची मजुरी आणि आजची, तेव्हाचा तेलाचा डबा आणि आजचा, असे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. सरांना पहिला प्रश्न त्या पानावरून विचारायचा आहे.