वामनदादा : डावे-उजवे ठरवण्याआधी

हजारोंनी गाणी रचणाऱ्या कवीची सगळीच गाणी सारख्या ताकदीची नसणार, हे सांगायला समीक्षकाची गरज नाही. लोककवी वामनदादा कर्डक यांच्याविषयी मात्र एवढे साधे विधान करायलाही आम्ही मराठीचे अध्यापक कचरतो. भंडारा जिल्ह्यात अध्यापन करताना हा संकोच आम्हांला विशेष जाणवतो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब लोकसभेसाठी येथून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या पराभवाची आठवण येथे आजही जिवंत आहे. आमच्या वर्गांतील अनेक मुले वामनदादांची गाणी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी गावच्या विहारात ऐकत वाढलेली असतात.

या गाण्यांकडे पाहण्याच्या दोन रीती आमच्यात रूढ आहेत. एक म्हणते, ही चळवळीची गाणी. त्यांना काव्याचे निकष लावणे म्हणजे कृतघ्नपणा. दुसरी म्हणते, हा प्रचार; यात काव्य शोधायचेच कशाला? एकीत भक्ती आहे, दुसरीत तुच्छता. परिणाम मात्र एकच होतो : गाणी वाचली जात नाहीत.

आमचे मत असे, की वामनदादांच्या रचनेतील चढउतार मोकळेपणाने मान्य करावेत, आणि मग ते कशामुळे आले याचा शोध घ्यावा.

चढउतार आहेतच. प्रसंगासाठी लिहिलेली काही गाणी प्रसंगाबरोबरच संपतात. कुठे यमकासाठी अर्थ ओढून आणलेला दिसतो, कुठे गौरवाची विशेषणे एकामागून एक येतात आणि चित्र एकही उभे राहत नाही. त्याच कवीच्या दुसऱ्या गाण्यात मात्र चार साध्या शब्दांत आपल्याच माणसांना विचारलेला असा जाब भेटतो, की ऐकणाऱ्याची मान खाली जावी. स्वतःच्या समाजाला इतक्या जिव्हाळ्याने आणि इतक्या निर्भीडपणे प्रश्न विचारणारे गीतकार मराठीत थोडे आहेत.

आता या गाण्यांचा जन्म पाहू. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा, १९२२ साली जन्मलेला हा माणूस शाळेत न जाता मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकला. त्याचे पहिले गाणे १९४३ चे, आणि तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन. उसन्या चालीला आपण सहज नाके मुरडतो. पण ओळखीची चाल असली की श्रोता गाणे एकदा ऐकून घरी नेतो, हे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांना चांगले ठाऊक होते. भीमराव कर्डकांच्या जलशांची परंपरा वामनदादांच्या पाठीशी होती. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटासाठी त्यांनी गीत लिहिले, म्हणजे बाजारातही त्यांच्या शब्दाला मोल होते. तरीही ते रमले गावोगावच्या सभांत.

त्यांचा पहिला संग्रह ‘वाटचाल’ आला तो १९७३ साली, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. मग ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) लागोपाठ आले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ मात्र थेट १९९६ साली. २००४ साली ते गेले. संग्रहांच्या या तारखा गाण्यांच्या तारखा नव्हेत. तीस वर्षे कंठांत फिरलेले गाणे आणि कालपरवा लिहिलेले गाणे एकाच पुस्तकात शेजारी बसू शकते. मग कवी कुठे वाढला, कुठे थकला, कुठे पुन्हा सावरला, हे आपण कोणत्या आधारावर ठरवणार?

येथे बॉब डिलनचे उदाहरण उपयोगी पडेल. त्याच्या ‘सेल्फ पोर्ट्रेट’ (१९७०) या अल्बमची समीक्षकांनी टर उडवली होती. २०१३ साली त्याच काळातील अप्रकाशित ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या फसलेल्या मानलेल्या काळाकडे अनेकांनी नव्याने पाहिले. २०१६ चे नोबेल त्यानंतरचे. त्याचे टाकाऊ समजले गेलेले कामही कोणीतरी तारीखवार जपून ठेवले होते, म्हणून हे पुनर्मूल्यांकन शक्य झाले. आमच्या कवीची गाणी विखुरली आहेत वह्यांत, पुस्तिकांत, जुन्या कॅसेटींत आणि गायनपार्ट्यांच्या स्मरणात.

पवनीकडच्या एका विद्यार्थ्याने आजोबांची वही वर्गात आणली होती. तीत वामनदादांचे एक परिचित गाणे होते, आणि छापील पाठात नसलेले एक कडवे. कडवे सुमार होते. शेवटी ‘वामन’ ही नाममुद्राही होती. ते कवीचेच, की एखाद्या गायकाने रात्र वाढवायला जोडलेले? आम्हांला उत्तर देता आले नाही. पण त्या दिवसापासून कोणतीही सैल ओळ वामनदादांच्या खात्यावर टाकताना आमचा हात अडखळतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या परिसरातील अशा वह्या आणि कॅसेटी पाहाव्यात, प्रती कराव्यात, पाठभेद नोंदवावेत; गाणे कोणी, कुठे, कोणत्या साली ऐकले ते लिहून ठेवावे. ज्यांनी दादांना प्रत्यक्ष ऐकले ती पिढी आता थकली आहे. हे काम एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात सहज बसते.

आणि ते झाले की निःसंकोच डावे-उजवे करावे. तुकोबांच्या अभंगांत आपण ते करतो, केशवसुतांच्या कवितेत करतो. त्यात त्यांचा अपमान झाला असे कोणी मानत नाही. एकट्या वामनदादांना त्यातून वगळणे हा आदर दिसत असला, तरी त्यांना पंगतीबाहेर बसवण्याचाच तो एक सभ्य प्रकार आहे. ज्या कवीने आयुष्यभर पंगतीबाहेर बसवणाऱ्यांना जाब विचारला, त्याच्या वाट्याला आमच्याकडून तरी हे येऊ नये.