३० जूनची तारीख आणि घर

२०२५ च्या मे महिन्यात राजस्थानात फलोदीच्या बाजूला एका सौर प्रकल्पावर जाण्याचा योग आला. तेथील अभियंता मूळचा सोलापूरचा निघाला. परमुलखात मराठी कानावर पडले की औपचारिकता आपोआप गळून पडते. बोलता बोलता तो म्हणाला, "साहेब, घरच्यांना वाटते, सूर्य मावळला की याचे काम संपले. खरे तर तेव्हाच सुरू होते." त्याचे म्हणणे अचूक होते. चालू प्रकल्पातील वीजपुरवठा दिवसा बंद करून दुरुस्ती करावी तर उत्पादन बुडते, म्हणून ती रात्री. तापलेल्या काचांवर पाणी मारता येत नाही, म्हणून धुणेही रात्री किंवा पहाटे. शेजारीच दुसऱ्या टप्प्याची उभारणी चालू होती, ती दिवसा. दिवाळीनंतर तो घरी गेलेला नव्हता. रजा नाकारली का, असे विचारले. "नाही साहेब, मागितलीच नाही. माझ्या जागी कोण?"

हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. नोकरी आणि संसार यांचा मेळ हा आपण प्रत्येकाच्या वैयक्तिक कर्तबगारीचा विषय मानतो. वेळेचे नियोजन करावे, घरच्यांशी संवाद ठेवावा, असा उपदेश करून मोकळे होतो. माझे मत वेगळे आहे. "माझ्या जागी कोण?" याचे उत्तर कोणताही माणूस एकट्याने देऊ शकत नाही. ते त्याच्या चमूच्या रचनेत असावे लागते, किंवा नसते.

याच क्षेत्रातील एक उदाहरण पाहा. आपल्या देशातील वीजजाळ्याचे नियंत्रण राष्ट्रीय, विभागीय आणि राज्य भारप्रेषण केंद्रांतून चालते. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागातील मागणी व पुरवठ्याचे वेळापत्रक आखले जाते. ढग आले, वारा पडला, तरी वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राखायची असते. हे काम वर्षभर, अहोरात्र चालते. तरीही पाळी संपली की माणूस घरी जातो. कारण काय घडले, काय बाकी आहे, हे नोंदवहीत लिहून पुढच्याच्या हाती दिलेले असते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली आणि लगेच पुन्हा वर आली. जाळे स्थिर राहिले. ते कोणा एका शूराने सावरले नाही. जलविद्युत केंद्रे कधी उतरवायची आणि कधी चढवायची, हे अनेकांनी आधी बसून ठरवले होते.

प्रकल्प उभारणीत मात्र चित्र उलटे दिसते. जमिनीचा तंटा कोणाशी, उपकेंद्राची परवानगी कोठे अडली, कंत्राटदाराचे काय देणे बाकी, हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात आणि भ्रमणध्वनीत असते. अशा माणसाला आपण "आधारस्तंभ" म्हणतो. स्तंभाला रजा नसते, हे सोयीस्करपणे विसरतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुना दोष दिसतो. मे २०१७ मध्ये भादलाच्या लिलावात सौरविजेचा दर प्रतियुनिट २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत तो १ रुपया ९९ पैसे झाला. ग्राहकाचा त्यात निश्चित लाभ आहे. परंतु अभियंत्याच्या घरात न घालवलेला वेळ या दरात कोठेही मोजलेला नाही. धुरांड्याचा धूर कोळशाच्या किमतीत धरला जात नाही, अशी तक्रार करणाऱ्या क्षेत्राने तरी हा खर्च दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये.

दोष केवळ कंपन्यांचा नाही. ३० जून २०२५ पर्यंत कार्यान्वित होणाऱ्या सौर व पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण आकारातून पूर्ण सूट होती. त्यानंतर ती दरवर्षी २५ टक्क्यांनी घटेल असे ठरले. धोरण म्हणून ते योग्यच आहे, सवलत कधीतरी संपली पाहिजे. पण म्हणजे ३० जूनची धावपळ एकदाच संपली नाही, ती पुढेही काही वर्षे आली. महाराष्ट्रातील घरासाठी ही तारीख काय आहे? मे महिन्याची सुट्टी आणि जूनच्या मध्यास उघडणारी शाळा, दोन्ही तिच्या ऐन तोंडावर. पवनक्षेत्रात वाऱ्याचा हंगाम पावसाळ्याचा. तेथे गणपतीला गावी जाणे अवघड. दिल्लीत टिपणीवर तारीख लिहिताना आम्हा अधिकाऱ्यांपैकी कोणाच्या मनात हे येते? माझ्या तरी कधी आले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

वाळवंट पुण्यात आणता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. ऊन जेथे, तेथेच जावे लागणार. पण जाणे वेगळे आणि अडकून पडणे वेगळे. प्रत्येक महत्त्वाच्या कामाची माहिती किमान दोघांना असावी. आठवड्याचे हस्तांतरण-टिपण लेखी असावे. रजेचे वेळापत्रक कामाच्या वेळापत्रकाबरोबरच आखावे. यांपैकी पहिल्यालाच पैसे लागतात, आणि प्रकल्पाच्या एकूण खर्चात ते फार नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर हवे, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. पण प्रकल्पावरील माणसे अनेक कंत्राटदारांत विभागली की कोणाचीच संख्या पन्नास भरत नाही. ही पळवाट बुजवायची तर निविदेच्या अटींतच प्रकल्पस्थळ हे एकक धरावे लागेल.

२०३० पर्यंत ५०० गिगावॅट अजीवाश्म क्षमतेचे लक्ष्य देशाने ठेवले आहे. ते गाठणारी माणसे चाळिशीपूर्वीच थकून हे क्षेत्र सोडू लागली, तर उभारलेले चालवणार कोण?

निघताना त्या अभियंत्याला म्हटले, जून संपला की घरी जाऊन या. तो हसला आणि म्हणाला, "जुलैत दुसरी साइट आहे, साहेब." मजजवळ उत्तर नव्हते. असो. ही माझी व्यक्तिगत मते आहेत, शासनाची नव्हेत; मात्र शासनाचीही व्हावीत, अशी इच्छा आहे.